नावेवर ‘फान’ म्हणायचं नाही

आमच्या सासूबाईंना कॅन्टनचा सगळा धक्का साम-पो म्हणायचा, म्हणजे तिसरी म्हातारी. पहिली आणि दुसरी कोण होत्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर सासूबाई म्हणायच्या, "त्या तोंडाळ होत्या, बुडाल्या." यात थट्टा किती आणि खरं किती, ते एवढी वर्षं सून म्हणून राबूनही मला कळलं नाही. बाई मोठी खट. हात दिवसभर धुण्यात आणि जीभ दिवसभर माझ्यावर. तरी आज त्या नाहीत तर सांगते, माझ्या अंगात जे काही बळ आहे ते त्या बाईच्या हातची पेज खाऊन आलेलं आहे. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन, लाज कसली त्यात?

आम्ही पाण्यावरची माणसं. नावेवर जन्मायचं, नावेवर नांदायचं आणि मरायचंही नावेवरच. जमिनीवर घर बांधायची आम्हाला बंदी, आणि जमिनीवरच्यांशी सोयरीक तर स्वप्नातही नको. धक्क्यावर परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे आपापल्या मुलखाचा झेंडा. तांबड्यावर पांढरी फुली, असला झेंडा जिच्यावर होता त्या वखारीचं धुणं आमच्याकडे असायचं. त्यासाठी वखारीचा कारभारी एक लाकडी पाटी द्यायचा. ती नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर टांगलेली असेल तरच वखारीच्या पायऱ्यांना नाव लावता यायची. पाटी गेली की पायऱ्या गेल्या, आणि पायऱ्या गेल्या की चूल विझली. कारण मासेमारीची मोठी नाव आमच्याकडे उरली नव्हती.

ती कशी गेली ते ऐका. एका संध्याकाळी कालवण खारट झालं म्हणून माझे सासरे भडकले. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण तापट होते म्हणतात. ताट ढकलून ओरडले, "एक दिवस ही नावच फान करून टाकीन!" फान म्हणजे उलटणं. पाण्यावरचा माणूस हा शब्द नावेवर काढत नाही. आम्ही वाडगा पालथा ठेवत नाही, ताटातला मासासुद्धा उलटा करत नाही, वरचं खाऊन झालं की काटा उचलून खालचं खातो. आणि यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला! दुसऱ्याच दिवशी नदीच्या मुखाशी वादळाने गाठलं. सासरे गेले, नाव गेली. सासूबाई धुण्याच्या लाकडी टोपाला धरून तरल्या, पाठीला बांधलेला आ-शुई. तोच माझा नवरा.

तेव्हापासून त्यांनी त्या आवाजालाच नावेवर बंदी घातली. आता आमची बोली अशी चिकट की एकाच आवाजात चार-चार गोष्टी कोंबते, फक्त सूर थोडा खालीवर. परत येणं, तेसुद्धा फान. ‘परत ये’ म्हणायला सगळी दुनिया ‘फान लाई’ म्हणते. माझ्या माहेरच्या नावेवरही म्हणायचे, कुणाला काही वाटायचं नाही. लग्नानंतर मी नवऱ्याला अशीच हाक मारली, "अरे, फान लाई, पेज निवतेय!" तर सासूबाईंनी पिळायचा ओला सदरा सप्पकन माझ्या तोंडावर मारला. "माझ्या नावेवर ‘घर गाठ’ म्हणायचं. तुझ्या आईने एवढंही शिकवलं नाही?" माझ्या आईवर गेल्या म्हणून मी दिवसभर फुरंगटून बसले. पण तेव्हापासून माझ्याही तोंडी ‘घर गाठ’ बसलं.

आणि तिसरा फान म्हणजे परका. वखारीतल्या गोऱ्यांना सगळं कॅन्टन फान-क्वाय म्हणायचं, म्हणजे परकं भूत. चहाच्या पेट्या वाहणारे हमाल म्हणायचे, न्हावी म्हणायचे, शेंबडी पोरं तर मागे लागून गाणंच म्हणायची. त्या बिचाऱ्यांना आमची भाषा शिकायची सरकारची मनाई होती. पण हा शब्द शिकायला गुरू कशाला लागतो? जहाजावरून उतरला की पहिला तोच कानावर.

सासूबाईंची मात्र पंचाईत. दिवसभर ज्यांचे कपडे बडवायचे त्यांना म्हणायचं काय? मग त्या धुण्यावरून नावं ठेवायच्या. चिलमीच्या ठिणग्यांनी सदरे जाळणारा तो भोकपाड्या. गळपट्टीवर आईने फुलं काढून दिलेला तो लाडोबा. आणि एक होता तरुण कारकून, चहाच्या पेट्यांचा हिशेब बघणारा. तो पहिल्याच दिवशी गाठोडं स्वतः खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरला आणि नावेत पाय टाकण्याआधी त्याने जोडे काढले. कुणी सांगितलं नव्हतं. कपडे सगळे नवे कोरे, त्यांत नाव ठेवायला जागाच नाही. सासूबाईंनी खुणेने विचारलं, "तुला काय म्हणू?" तो म्हणाला, रासमुस. आमच्या जिभेला र चढत नाही, म्हणून तो झाला लासमू.

व्यापाराचा हंगाम संपला की गोऱ्यांना मकाऊला जावं लागायचं, पुढच्या हंगामात परत. लासमूही येत-जात राहिला. त्याचे केस विरळ झाले, पोट थोडं सुटलं. वखारीत एक धेडगुजरी बोली चालायची, शब्द त्यांचे आणि घडण आमची. ती मला चांगली यायची. एक दिवस तो पायरीवर बसून मोठ्या गंभीरपणे बोलायला लागला, आणि सासूबाई मला म्हणाल्या, "काय म्हणतोय गं?"

मी सांगितलं, "म्हणतोय, साम-पो फार चांगली बाई. सगळे मला भूत म्हणतात. साम-पो एकदाही नाही म्हणाली. साम-पोचं काळीज मोठं."

सासूबाई आधी बघतच राहिल्या आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या की त्यांना ओल्या कपड्यांच्या ढिगावर बसावं लागलं. "अगं बाई! मी त्याला भूतच काय, भुताचा बाप म्हणायला तयार आहे. पण नाव बुडेल त्याचं काय?"

"मग सांगू का त्याला खरं?"

"कशाला? चांगला समज करून घेतलाय बिचाऱ्याने, राहू दे. फुकटचा मान कुणी परत करतं का?"

तो समज आम्हाला फार फळला, खोटं कशाला बोलू? लासमू आमच्याशी वागायचाच असा की जमिनीवरच्या एकाही माणसाने आम्हाला तसं वागवलं नाही. ‘साम-पो, सकाळ चांगली’ म्हटल्याशिवाय गाठोडं द्यायचा नाही. आणि माझ्या बाळंतपणाची गोष्ट तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. हंगामाची नुकती सुरुवात, वादळ धक्क्यावर धडकलेलं, नावा एकमेकींवर आपटत होत्या आणि मला कळा सुरू झालेल्या. वखारीच्या आतल्या पायऱ्यांशी पाणी शांत असतं. पण ती जागा गोऱ्यांच्या होड्यांची, आमची नाव तिथे दिसली तर दोर कापतात. लासमूने पाहिलं. पायऱ्या उतरून आला, आमचा दोर स्वतः आत ओढून बांधला आणि हातात वल्हं घेऊन पावसात उभा राहिला. कारभारी ओरडला, पहारेकरी ओरडले, तो हलला नाही. माझा मुलगा जन्मला तेव्हा छपराच्या बांबूवर टकटक करून त्याने विचारलं, "साम-पो, चांगलं?" सासूबाई आतून म्हणाल्या, "चांगलं!" तेव्हा कुठे गेला. त्यानंतर त्याच्या समजुतीवर सासूबाई कधी हसल्या नाहीत.

आता या सगळ्यात ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या तो वखारीचा कारभारी, याऊ. पाटी देणं-घेणं त्याच्या हातात, आणि त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीतली एक धुण्याची नाव कधीची वाट बघत होती. आयत्या बिळावर नागोबा व्हायला! दर हंगामात तो पाटी काढायला बघायचा आणि दर हंगामात लासमू आडवा यायचा. "साम-पो नको काढू. साम-पो कधी भूत म्हणत नाही." याऊ जमिनीवरचा असला तरी आमची बंदी त्याला चांगली ठाऊक होती. पण साहेबाला तोंडावर मूर्ख कसं म्हणणार? गप्प बसायचा आणि संधीची वाट बघायचा.

ती संधी त्याला आम्हीच दिली.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी वखारीतून लासमूचे सदरे यायचे बंद झाले. नुसत्या चादरी यायला लागल्या, घामाने चिंब झालेल्या. ताप होता. जहाजावरून त्यांचा वैद्य आला, त्याने रक्त काढलं, मान हलवली आणि गेला. मग सुतार फळ्या घेऊन वखारीत शिरताना दिसला. आ-शुई म्हणाला, "आई, चहाच्या पेट्यांच्या नाहीत त्या फळ्या."

मी धुण्याच्या टोपलीत तळाशी राहिलेला लासमूचा एक सदरा पाण्यात घालणार, एवढ्यात सासूबाई ओरडल्या, "थांब गं! भिजवू नकोस तो!" माझ्या हातातून सदरा हिसकावून घेतला आणि छातीशी धरला.

मी समजले. माणसाचा जीव धास्तावून अंगाबाहेर भटकायला लागला की त्याच्या अंगावरचं न धुतलेलं वस्त्र काठीला बांधायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. आपला वास ओळखून जीव परत येतो. आमच्यातल्या सगळ्या आया हे करतात. पण हाक आईनेच मारायची असते.

"याची आई सात समुद्रांपलीकडे," सासूबाई म्हणाल्या. "तिला कळेपर्यंत काय उरणार? मीच मारते."

"मारा ना. पण ‘घर गाठ’ म्हणा हं, नेहमीसारखं," मी म्हटलं. आयांची ती हाक काय असते ते मला माहीत होतं. फान लाई.

"नाही गं. जीव बावचळलेला असतो, त्याला आडवळणाचं कळत नाही. त्यातून हा परमुलखातला. आपल्या बोलीतला एकच आवाज याच्या ओळखीचा आहे, सकाळसंध्याकाळ कानावर पडतो तो. तोच ऐकून वळेल, दुसरा नाही."

"आई, पण नाव..."

"नाव माझी आहे," त्या म्हणाल्या. "तू आणि पोर शेजारच्या नावेवर जा. आ-शुईलाही ने."

मी गेले नाही. त्यांना अशा टाकून जाईन होय! आ-शुईसुद्धा सुकाणूपाशी बसून राहिला, चेहरा पांढराफटक. दिवेलागणीला सासूबाई नाळेवर उभ्या राहिल्या. सदरा बांबूला बांधून वखारीच्या वरच्या खिडकीकडे उंच धरला आणि हाक मारली.

"लासमू! फान लाई! लासमू, घरी फान लाई!"

त्यांचा आवाज म्हणजे काय सांगू, नदीच्या पलीकडच्या काठाला जायचा. मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. जिने त्या शब्दापायी नवरा बुडताना पाहिला, ती बाई तोच शब्द पाण्यावर उभं राहून ओरडत होती! शेजारच्या नावांवर एकच गिल्ला झाला. "साम-पो, वेड लागलं का गं? आमची पोरंबाळं आहेत!" एकेकीने दोर सोडले आणि नावा लांब नेल्या. आमच्याभोवती नुसतं पाणी उरलं. सासूबाई थांबल्या नाहीत. आवाज बसेपर्यंत हाका मारल्या, मग सदरा घडी करून उशाशी घेतला, नदीच्या पाण्याने चूळ भरली, पाण्याची देवी तिन-हौ माय, तिच्यापुढे उदबत्ती लावली आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय? पेज वाढ."

नाव बुडाली नाही. आणि लासमूचा ताप उतरला. हाकेने उतरला की उतरायचाच होता, ते तिन-हौ माय जाणे. सुताराच्या फळ्यांची पुढे कोंबड्यांची खुराडी झाली. आम्ही सगळे इतके खूश, की सासूबाई मला त्या दिवशी एकदाही टोचून बोलल्या नाहीत.

पण पाच-सहा दिवस गेले तरी वखारीतून धुणं येईना. मग लासमू धक्क्यावर दिसला, काठी टेकत, गालांची हाडं वर आलेली. मी हात हलवला. त्याने पाहिलं आणि मान फिरवली. मेला मान फिरवतो! दुपारी याऊचा माणूस निरोप घेऊन आला की सूर्य मावळायच्या आत पाटी परत करा, धुणं दुसऱ्या नावेला दिलंय.

मला लगेच उमगलं. वरच्या खिडकीत तापाने फणफणलेला माणूस. आणि खालून त्याची साम-पो, जी कधीच म्हणाली नव्हती ती, गळा फाडून ओरडतेय, फान, फान, फान. आणि उशाशी बसलेला याऊ काय म्हणाला असेल? "ऐकलंत ना साहेब? आता मरायला टेकलात तर तीसुद्धा म्हणतेय."

"आई, मी जाऊन सांगते त्याला!"

सासूबाई घरचीच चादर पिळत होत्या. "काही नको. जगला ना? मग झालं."

"अहो, पाटी चाललीय! उद्या खाणार काय?"

"म्हणून काय त्याच्यापुढे नाक घासू? की बाबा, मी तुझ्यावर उपकार केले, आता माझी चूल पेटव? माझ्याच्याने नाही व्हायचं." आणि चादर अशी झटकली की माझ्या अंगावर सगळं पाणी उडालं.

अहो, मानी माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं. पण मी काही मानीबिनी नाही. मी पदर खोचला आणि निघाले तरातरा वखारीच्या पटांगणात. तिथे आल्याचा चहा विकणाऱ्याच्या गाडीपाशी लासमू बाकावर ऊन खात बसला होता. मला बघून उठायला लागला.

"बस!" मी म्हटलं. आमच्यातली बाई वखारीच्या साहेबाला ‘बस’ म्हणते, असं त्या पटांगणात कधी घडलं नसेल. तो बसला.

म्हणाला, "मी ताप. मी ऐकली. साम-पो भूत-भूत बोलली. खूप मोठ्याने. सगळे बोलतात, ठीक. पण साम-पो..." आणि त्याचे ओठ थरथरायला लागले. चाळिशी ओलांडलेला माणूस हो!

मी चहावाल्याच्या बादलीत वाडगा तरंगत ठेवला. तो ओरडला, "ए बये, माझा वाडगा!" तिकडे मी लक्षच दिलं नाही. वाडग्यावर बोट ठेवून लासमूला म्हटलं, "नाव." मग वाडगा पालथा करून बुडवला. "फान." जमिनीवर होते, मला म्हणता येत होतं. मग त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "परका. तोही फान." मग चार पावलं लांब गेले आणि हाताने बोलावत मागे आले. "परत ये. घरी ये. तेसुद्धा फान! साम-पो भूत नाही म्हणाली तुला. तुझा जीव हरवला होता, त्याला हाक मारली. आई मुलाला मारते तशी."

त्याचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. मला वाटलं, जिंकलं! आणि तेवढ्यात त्याने विचारलं, "मग नावेवर हा शब्द... कधीच नाही?"

"कधीच नाही. नाव बुडते."

"म्हणून साम-पो मला भूत म्हणत नव्हती? नावेमुळे?"

बाई गं. एक गाठ सोडवायला गेले आणि दुसरी सुटली की! हो म्हणावं, तर त्याने इतकी वर्षं उराशी धरलेला मान मी माझ्या हाताने काढून घेणार. नाही म्हणावं, तर आत्ताच सांगितलेलंही खोटं ठरणार. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. पावसात वल्हं धरून उभा राहिलेला हा माणूस, आणि त्याच्याशी मी खोटं बोलू?

"हो," मी म्हटलं. "नावेमुळे. तिचा नवरा त्या शब्दाने बुडाला. तू कोण, कुठला, याच्याशी काही संबंध नव्हता. आम्ही हसलो होतो तुला." आणि मला रडूच कोसळलं. म्हटलं, गेली पाटी, गेलं सगळं.

लासमूने पालथ्या वाडग्याकडे पाहिलं. मग तो आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "आधी गप्प, ते नावेसाठी. आता ओरडली, ते माझ्यासाठी. बुडायचं होतं, तरी ओरडली."

"हो," मी म्हटलं.

तो उठला. काठी तिथेच विसरला. मी मागे धावले, तर तो पायऱ्या उतरत होता. खाली याऊ स्वतः आला होता, नाळेवरची पाटी सोडवायला, आणि सासूबाई त्याच्याकडे पाठ करून निखाऱ्याच्या इस्त्रीने मागच्या धुण्यात राहिलेली कुणाचीतरी गळपट्टी दाबत बसल्या होत्या. लासमूने जोडे काढले. याऊला हाताने बाजूला केलं, नावेत उतरला आणि सासूबाईंसमोर फळीवर मांडी घालून बसला. घालता येत नव्हती धड, तरी बसला.

"साम-पो," तो म्हणाला, मोठ्याने आणि एकदम स्पष्ट, "मी फान लाई."

आजूबाजूच्या नावांवरच्या बायका किंचाळल्या. आ-शुईच्या हातातलं वल्हं पडलं. सासूबाईंनी इस्त्री बाजूला ठेवली आणि ओल्या तळव्याने खाडकन त्याचं तोंड दाबलं.

आमच्यात लहान लेकरू नावेवर अभद्र बोललं, तर त्याचं तोंड पुसतात. मोठ्या माणसाचं पुसत नाहीत. मोठा माणूस बोलला तर ते बोलणं त्याच्या आणि सगळ्यांच्या माथी लागतं, त्याला इलाज नाही. सासूबाईंनी आपल्या ओच्याचं टोक ओढलं आणि त्या दाढीवाल्या, टक्कल पडलेल्या माणसाचं तोंड पुसलं. एकदा इकडून, एकदा तिकडून, दाढीसकट. तो डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही त्यांनी त्याच टोकाने पुसलं.

मग पाण्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाल्या, "माये, लेकरू बोललं. मनावर घेऊ नकोस."

याऊ हातातल्या सुटलेल्या दोरीकडे बघत उभा होता. सासूबाईंनी त्याच्याकडे वर मान करूनही बघितलं नाही. मला म्हणाल्या, "रडत काय उभी आहेस? तांदूळ धू. एक माणूस वाढलंय."